फराळाची कंपनी, न्यू जर्सी: कागदपत्रं आणि करांच्या नोंदी

१६ मार्च २०२५, रविवार

कंपनी काढायची हे काल रात्री ताईंशी (माझ्या मोठ्या जाऊबाई, धंद्यातल्या भागीदार) बोलून पक्कं केलं. या वहीत फक्त कंपनीचं आणि करांचं लिहायचं. स्वयंपाकघर, आरोग्य खातं, भांडीकुंडी यांची वही ताईंकडे.

आतापर्यंत आम्ही घरगुती परवान्यावर विकत होतो. न्यू जर्सीत हा परवाना २०२१ च्या ऑक्टोबरपासून मिळायला लागला. तोवर घरी केलेले लाडू विकायला बंदी असलेलं हे अमेरिकेतलं शेवटचं राज्य होतं. परवान्याची फी १०० डॉलर, मुदत दोन वर्षं, पण अटी कडक: वर्षाची विक्री ५०,००० डॉलरच्या आत, माल राज्यातच विकायचा, आणि तोही थेट गिऱ्हाइकाला. म्हणजे ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानात आमची शंकरपाळी ठेवता येत नाही, की टेक्सासहून फोन आला तर डबा कुरिअरने पाठवता येत नाही. गेल्या दिवाळीत असे किती फोन आले आणि किती जणांना नाही म्हणावं लागलं! ते नाही म्हणणं आता बंद करायचंय.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. आमच्या निम्म्या पदार्थांत शेंगदाणे नाहीतर काजू. उद्या एखाद्या मुलाला त्याने त्रास झाला आणि दावा लागला, तर आज आमच्या दोघींची घरं त्यात ओढली जातील. विमा आहेच, तो ठेवायचाच. पण धंदा एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला, अशी भिंत मध्ये हवी.

२२ मार्च, शनिवार

ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाने एकच सल्ला दिला: डेलावेअरमध्ये काढा, तिथे कर नाही. आज बसून हे नीट तपासलं.

डेलावेअरमध्ये विक्रीकर नाही हे खरं. तिथे नोंदलेली कंपनी तिथे धंदा करत नसेल तर तिला तिथला आयकरही लागत नाही, हेही खरं. पण आमची कढई न्यू जर्सीत, गिऱ्हाईक न्यू जर्सीत, आम्ही दोघी न्यू जर्सीत. डेलावेअरची कंपनी इथे काम करायला लागली की न्यू जर्सीच्या लेखी ती ‘परराज्यातली कंपनी’ होते. तिला इथे काम करायचं वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याची फी १२५ डॉलर, म्हणजे इथे सरळ नवी कंपनी काढायला लागते तेवढीच. मग न्यू जर्सीचे सगळे कर भरायचे, इथला वार्षिक अहवाल द्यायचा, आणि वर डेलावेअरचा फ्रँचाइज टॅक्स (तिथे कंपनी नोंदलेली ठेवल्याचा वार्षिक कर), तिथला अहवाल आणि तिथला नोंदणीकृत प्रतिनिधी यांचा खर्च करायचा. कर काम जिथे होतं तिथे लागतो, कागदावर पत्ता कुठलाही असो.

डेलावेअरच्या फ्रँचाइज टॅक्सचा हिशेब मुळातून वाचण्यासारखा आहे. अधिकृत शेअर, म्हणजे कंपनीला जास्तीत जास्त जितके काढता येतात ते, ५,००० पर्यंत असतील तर १७५ डॉलर, १०,००० पर्यंत २५०, आणि पुढच्या दर १०,००० शेअरला ८५. नव्या तंत्रज्ञान कंपन्या सर्रास एक कोटी शेअर लिहून टाकतात. या पद्धतीने त्यांचं बिल येतं ८५,१६५ डॉलर! कंपनीच्या खात्यात अजून दमडी नसते आणि असं पत्र हातात पडतं. कंपनीच्या एकूण मालमत्तेवर आधारलेली दुसरी पद्धत लावली की तोच कर बहुधा ४०० डॉलरवर येतो. ती पद्धत आहे हे माहीत मात्र असावं लागतं. हे सगळं १ मार्चच्या आत, अहवालाचे ५० डॉलर वेगळे. बाहेरचं भांडवल उभारणाऱ्या कंपन्यांना तिथल्या कंपनी न्यायालयाचा आणि मुरलेल्या कायद्याचा उपयोग होतो, त्यांनी तिथे जावं. चकली विकणाऱ्यांनी जायचं कारण मला सापडलं नाही.

वाचता वाचता एक गोष्ट कळली. डेलावेअरचा हा मान आधी न्यू जर्सीचा होता. १८८० च्या दशकाच्या अखेरीस न्यू जर्सीने एका कंपनीला दुसऱ्या कंपनीचे शेअर धरायची मुभा दिली आणि देशभरच्या बड्या कंपन्या नोंदणीसाठी इथे धावल्या. स्टँडर्ड ऑइलने १८९९ मध्ये आपला सगळा कारभार न्यू जर्सीच्या कंपनीखाली आणला. कंपन्यांच्या फीवर या राज्याची तिजोरी भरली. पुढे १९१३ च्या फेब्रुवारीत, व्हाइट हाउसला जायच्या तोंडावर, गव्हर्नर वुड्रो विल्सन यांनी मक्तेदारीला लगाम घालणारे सात कायदे केले, आणि कंपन्यांनी नदी ओलांडली. डेलावेअरने १८९९ मध्येच न्यू जर्सीसारखा कायदा करून दार उघडं ठेवलेलं होतं. आज विल्मिंग्टनच्या नॉर्थ ऑरेंज स्ट्रीटवरच्या एका बैठ्या इमारतीच्या पत्त्यावर दोन लाखांहून जास्त कंपन्या नोंदलेल्या आहेत. राज्यं कंपन्यांसाठी एकमेकांशी स्पर्धा करतात हे एकदा कळलं की प्रत्येक फीचा अर्थ लागायला लागतो.

ठरलं: न्यू जर्सी.

२९ मार्च, शनिवार

एलएलसी (मर्यादित जबाबदारीची, शेअर नसलेली कंपनी) की कॉर्पोरेशन (शेअरवाली)? भिंत दोन्हींत मिळते, नोंदणी फी १२५ आणि वार्षिक अहवाल ७५ डॉलर हेही दोन्हींना सारखंच. आम्ही कॉर्पोरेशन घेतली, कारण शेअरच्या वहीत कोणाचे किती हे स्वच्छ लिहिलेलं राहतं आणि पुढे मुलांना थोडे थोडे शेअर देणं सोपं जातं. एलएलसीतही आमचं भागलं असतं. यावर अजून एक रविवार घालवायचा नाही असं ताई म्हणाल्या, आणि ते बरोबरच होतं.

आणखी एक काम यादीतून कायमचं गेलं. कंपनीचे खरे मालक कोण याची माहिती फिनसेनला (आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणारं फेडरल खातं) द्यायची सक्ती २०२४ पासून होती. याच महिन्यात त्यांनी नियम बदलला, अमेरिकेत नोंदलेल्या कंपन्यांना ती सक्ती उरली नाही. तरीही ‘तुमचा मालकी अहवाल आम्ही भरून देतो, इतके डॉलर पाठवा’ अशा जाहिराती चालूच आहेत. कोणी नवीन कंपनी काढत असेल तर अशी पत्रं सरळ बाजूला ठेवावीत.

६ एप्रिल, रविवार, रामनवमी

दुपारी सीपीए (परवानाधारक हिशेबनीस) काकांकडे. ते मूळचे साताऱ्याचे, इथे तीस-एक वर्षं हेच काम करतात. प्रश्न एकच: कंपनीचा कर कंपनीने भरायचा, की आम्ही आमच्या घरच्या रिटर्नमध्ये? पहिला प्रकार सी कॉर्पोरेशन, दुसरा एस. कंपनी काढताना ती एकच असते. फरक पडतो तो फेडरल फॉर्म २५५३ भरण्या-न भरण्याने.

काकांनी वहीवर आकडे मांडून दाखवले. समजा आमचे पगार जाऊन कंपनीत ६०,००० डॉलर नफा राहिला. सी असेल तर फेडरल कर २१ टक्के. न्यू जर्सीचा कॉर्पोरेशन बिझनेस टॅक्स, ज्याला सगळे सीबीटी म्हणतात, त्यावर ७.५ टक्के. उरलेले पैसे लाभांश म्हणून घरी आणले की आमच्या रिटर्नमध्ये त्यावर पुन्हा कर. एस असेल तर नफा आमच्या दोघींत वाटून थेट घरच्या रिटर्नमध्ये येतो, कर एकदाच.

सीबीटीच्या दरात एक पायरी आहे, ती माहीत असावी. निव्वळ उत्पन्न ५०,००० पर्यंत असेल तर ६.५ टक्के, एक लाखापर्यंत ७.५, आणि त्यावर गेलं की ९. पण हा दर घरच्या आयकरासारखा टप्प्याटप्प्याने लागत नाही, सगळ्या रकमेवर एकच लागतो. बरोबर एक लाखावर कर ७,५००. एक डॉलर जास्त झाला की ९,०००. वर्षाच्या शेवटी नवं यंत्र डिसेंबरात घ्यायचं की जानेवारीत, याचा निर्णय सी कंपन्या या पायरीकडे बघून घेतात.

आणि किमान कर. नफा झाला नाही, अगदी तोटा झाला, तरी हा भरावाच लागतो आणि तो विक्रीवर ठरतो. सी कंपनीची वर्षाची एकूण जमा एक लाखाच्या आत असेल तर ५०० डॉलर, अडीच लाखाच्या आत ७५०, आणि असं चढत दहा लाखांवर २,०००. एस कंपनीला हेच आकडे ३७५, ५६२.५० असे करत १,५०० पर्यंत. काका म्हणाले, “हा नफ्यावरचा कर नाही. या राज्यात कंपनी म्हणून उभं राहू दिल्याचा कर आहे. अंदाजपत्रकात भाड्याच्या खालच्या ओळीत लिहायचा.” मी तिथेच लिहिला.

एस घ्यायचं तर अटी आहेत: भागधारक १०० च्या आत, शेअर एकाच वर्गाचे, आणि प्रत्येक भागधारक अमेरिकेचा नागरिक किंवा कराच्या दृष्टीने इथला रहिवासी. या शेवटच्या अटीवर आमची गाडी थांबली. पुण्याचा माझा भाऊ पैसे घालायला उत्सुक आहे, त्याला दहा टक्के द्यायचं आमच्या मनात होतं. पण तो इथला रहिवासी नाही. त्याच्या नावावर एक जरी शेअर गेला तरी त्या दिवसापासून कंपनीचा एस दर्जा जातो. घरी येऊन त्याला फोन केला. “मग मला घेऊ नका. आधी तुम्ही दोघी उभ्या राहा,” म्हणाला. त्याचे पैसे नाकारताना वाईट वाटलं, पण कायदा स्पष्ट आहे आणि आडमार्ग काढायचा नाही यावर आम्हा दोघींचं एकमत आहे.

अजून एक: एस कंपनीत मालकच काम करत असतील तर त्यांनी आधी वाजवी पगार घ्यायचा आणि मग नफा उचलायचा. पगारावर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून १५.३ टक्के जातात, निम्मे कंपनीकडून, निम्मे पगारातून. उचललेल्या नफ्यावर ते लागत नाहीत. म्हणून काही जण पगार शून्य दाखवतात. काकांनी बजावलं की आयआरएस, म्हणजे फेडरल करखातं, नेमकं तेच तपासतं.

२१ एप्रिल, सोमवार

राज्याच्या महसूल विभागाच्या संकेतस्थळावर आज सर्टिफिकेट ऑफ इन्कॉर्पोरेशन भरलं. त्यात काय विचारतात ते लिहून ठेवते, पुढच्या कोणाला उपयोगी पडेल.

नाव: शेवटी इन्क, कॉर्प किंवा तसंच कायद्यात बसणारं अक्षर हवं, आणि राज्यातल्या आधीच्या कोणत्याही नावापेक्षा वेगळं. आमची पहिली पसंती आधीच कोणीतरी घेतली होती, दुसरी मिळाली. उद्देश: कायदेशीर कोणताही व्यवसाय, एवढं पुरतं. शेअर: १,००० अधिकृत, त्यांतले १०० आता द्यायचे, पन्नास-पन्नास. नोंदणीकृत प्रतिनिधी: न्यू जर्सीत रस्त्याचा पत्ता असलेली व्यक्ती, नुसती टपालपेटी चालत नाही. कोर्टाचा कागद आला तर तो याच पत्त्यावर येतो. ताई दिवसा घरी असतात, म्हणून त्यांचं नाव. पहिल्या संचालक मंडळात आम्ही दोघी.

आजपासून तीन घड्याळं सुरू झाली. राज्याच्या करखात्यात नोंदणी, म्हणजे एनजे-रेग, ६० दिवसांत. फॉर्म २५५३ दोन महिने पंधरा दिवसांत, म्हणजे ५ जुलैच्या आत. आणि वार्षिक अहवाल दरवर्षी स्थापनेच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत, म्हणजे पहिला ३० एप्रिल २०२६ ला. तिन्ही तारखा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आणि फोनमध्ये, दोन्हीकडे.

३ मे, शनिवार

कंपनीचा फेडरल क्रमांक, ईआयएन, मिळाला. आयआरएसच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो आणि उत्तरं दिली की लगेच पत्र उतरवून घेता येतं. सरकारी वाटावीत अशी पानं काढून यासाठी पैसे घेणारे पुष्कळ आहेत. पत्ता डॉट गव्हने संपतो ना, एवढं बघितलं की झालं.

दुपारी ताईंच्या जेवणाच्या टेबलावर संचालक मंडळाची पहिली बैठक. उपनियम मंजूर, मी अध्यक्ष, ताई खजिनदार आणि सचिव, शेअर दिले, बँक खात्याचा ठराव. सगळं कार्यवृत्तात लिहून दोघींनी सह्या केल्या. दोघीच तर आहोत, घरच्या घरी हे कशाला, असं कोणालाही वाटेल. पण दावा लागलाच तर वकील आधी हेच विचारतो: ही खरोखर वेगळी कंपनी होती, की नाव कंपनीचं आणि पाकीट घरचं? कार्यवृत्त, वेगळं खातं, वेगळं कार्ड, आणि प्रत्येक करारावर नावाखाली ‘अध्यक्ष’ ही ओळ. भिंत यांनीच बांधली जाते. कंपनीच्या कार्डावर घरचं दूधही घ्यायचं नाही, हे नवऱ्यांनाही सांगितलं.

भागधारकांचा करारही आजच केला. पन्नास-पन्नासमध्ये मतभेद झाला तर काय, कोणी सोडून गेलं तर तिच्या शेअरची किंमत कशी काढायची, कोणाचं बरंवाईट झालं तर वारसांना काय मिळेल. जावाजावांनी हे बोलणं अवघड होतं. ताईंनीच सुरुवात केली, “आत्ता आपलं पटतंय तोवरच लिहून घेऊ.”

१८ मे, रविवार

एनजे-रेग भरला. याने राज्याच्या करखात्यात नाव लागतं आणि बिझनेस रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट मिळतं. विक्रीकर गोळा करणार का, कामगार ठेवणार का, कधीपासून, हे सगळं याच फॉर्मात. ‘हो’ लिहिलं की ते ते रिटर्न भरायची जबाबदारी लागू होते. विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावंच लागतं.

यात धंद्याचा सहा आकडी एनएआयसीएस क्रमांक (धंद्याचा प्रकार सांगणारा सरकारी क्रमांक) विचारतात. हा निव्वळ सांख्यिकीचा रकाना समजून अंदाजाने आकडा टाकला जातो. आमच्या धंद्यात त्यावर कर अवलंबून आहे. न्यू जर्सीत किराणा अन्न करमुक्त, पण तयार अन्न करपात्र. विकणाऱ्याने दोन किंवा जास्त जिन्नस एकत्र करून एक पदार्थ म्हणून विकला तर तो तयार अन्नात जातो, म्हणजे आमचा सगळा फराळ! पण त्याला अपवाद आहेत: काटे-चमचे न देता विकलेलं असेल आणि विकणाऱ्याचा मुख्य धंदा ३११ ने सुरू होणारा अन्नउत्पादनाचा असेल (त्यातला बेकरीचा ३११८ हा गट सोडून), किंवा पदार्थ गरम न करता वजनावर विकलेला असेल, किंवा तो बेकरीचा पदार्थ असेल, तर तो तयार अन्न धरत नाहीत. आम्ही कारखान्यासारखं पाकीटबंद उत्पादन करणार, खानावळ चालवणार नाही. खरा धंदा जो आहे त्याचाच क्रमांक लिहिला: ३११९१९, इतर खाऊ उत्पादन.

फॉर्म २५५३ दोघींच्या सह्या घेऊन आजच पाठवला. पूर्वी न्यू जर्सीकडे एस दर्जासाठी वेगळा अर्ज करावा लागे. २२ डिसेंबर २०२२ पासून सुरू होणाऱ्या करवर्षांना फेडरल दर्जा असला की राज्याचा आपोआप मिळतो. एक काम कमी.

८ जून, रविवार

पदार्थवार विक्रीकराचा तक्ता पूर्ण झाला. इतक्या दिवसांतलं मला सर्वात आवडलेलं काम.

न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के. तयार अन्नाचा प्रश्न मिटला, पण करमुक्त किराण्यातूनही दोन गोष्टी वगळल्या आहेत: शीतपेयं आणि कँडी. कँडी म्हणजे काय, हे वीसहून जास्त राज्यांनी मिळून केलेल्या स्ट्रीमलाइन्ड सेल्स टॅक्स करारात ठरलंय आणि न्यू जर्सी त्यात आहे. साखर, मध किंवा दुसरं गोड द्रव्य, त्यात चॉकलेट, फळं, सुकामेवा वगैरे घालून केलेल्या वड्या, गोळ्या किंवा तुकडे म्हणजे कँडी. पण त्यात पीठ असेल तर नाही, आणि फ्रीजमध्ये ठेवावं लागत असेल तरी नाही. पीठ गव्हाचंच हवं असं नाही, कशाचंही चालतं. मात्र पाकिटावरच्या घटकांच्या यादीत ‘फ्लोअर’ हा शब्द छापलेला पाहिजे.

आता आपला फराळ या चाळणीतून घाला. शेंगदाण्याची चिक्की: गूळ, दाणे, वडीचा आकार, पीठ नाही. कँडी, कर लागतो. तिळगुळाची वडी तशीच. काजूकतली तशीच. बेसनाचा लाडू: साखर आहे, आकार आहे, पण डाळीचं पीठ आहे, म्हणून करमुक्त. शंकरपाळी, करंजी, चिरोटे यांत मैदा; अनारशात तांदळाचं पीठ; सगळे सुटले. पेढे फ्रीजमध्येच ठेवावे लागतात, म्हणून कँडीत येत नाहीत. चकली, शेव, चिवडा गोड नाहीतच.

आमच्या जुन्या लेबलवर घटकांत नुसतं ‘बेसन’ होतं. नव्या लेबलवर ‘ग्रॅम फ्लोअर (बेसन)’ असं छापायला टाकलं. ते खरंही आहे आणि गिऱ्हाइकाला, करखात्याला दोघांनाही कळतं. रव्याच्या लाडवावर बराच वेळ थांबलो. रव्याला लेबलवर प्रामाणिकपणे ‘सेमोलिना’ लिहायचं तर फ्लोअर हा शब्द येत नाही. लाडवाच्या दोन पैशांसाठी शब्द ओढूनताणून बसवायचा नाही, म्हणून रवा लाडवावर कर घ्यायचा असं ठरलं.

दिवाळीच्या भेटखोक्यात चिक्की आणि चकली दोन्ही असतील, तर बिलावर प्रत्येक पदार्थाची किंमत वेगळ्या ओळीत. टपालखर्चही न्यू जर्सीत मालाच्या मागे जातो: करपात्र मालाच्या टपालावर कर, करमुक्तच्या टपालावर नाही, आणि एकाच खोक्यात दोन्ही असतील तर किंमतीच्या किंवा वजनाच्या प्रमाणात वाटणी. हे बिलिंगमध्ये एकदाच बसवून घेतलं.

आणि हे ठळक लिहिते: गोळा केलेला विक्रीकर आपला नाही, राज्याचा आहे, आपण तो फक्त सांभाळतो. तो भरला नाही तर कंपनीची भिंत आड येत नाही, जबाबदार पदाधिकाऱ्याकडून वैयक्तिक वसुली होते. पगारातून कापलेल्या कराचंही तेच. म्हणून वेगळं बचत खातं उघडलं. दर शुक्रवारी आठवड्याचा विक्रीकर तिकडे टाकायचा, त्याला हात लावायचा नाही.

१३ जुलै, रविवार

भाड्याच्या स्वयंपाकघरात काम सुरू. मदतीला दोघीजणी ठेवल्या. किमान वेतन यंदा (२०२५) ताशी १५.४९ डॉलर. सहापेक्षा कमी कामगार असतील तर १४.५३ चालतं, पण भर उन्हाळ्यात कढईपुढे उभं राहणाऱ्या बाईला आम्ही तेवढ्यावर राबवणार नाही. दर ३० तास कामामागे एक तास पगारी आजारपणाची रजा, हा इथला कायदाच आहे. बेरोजगारी, अपंगत्व आणि कुटुंब रजा यांची वर्गणी तिमाहीला एनजे-९२७ मध्ये, कामगारवार पगाराची यादी डब्ल्यूआर-३० मध्ये. हे पगार करणाऱ्या सेवेकडे दिलं.

ओक ट्री रोडवरच्या दोन दुकानांनी माल ठेवायचं कबूल केलं. ते पुढे विकणार, म्हणून त्यांच्याकडून एसटी-३ हे पुनर्विक्रीचं प्रमाणपत्र आधी घ्यायचं आणि मगच चिक्की कराशिवाय द्यायची. प्रमाणपत्राची प्रत फाइलला. तपासणी झाली तर तोंडी ओळख कामाला येत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

बाहेरच्या राज्यांचं आज उलगडलं. गणपती २७ तारखेला, फिलाडेल्फियाकडच्या ऑर्डरी सुरू झाल्या आहेत, म्हणून घाईने बसले.

दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं वेगळ्या कायद्यांत आहेत.

पहिला, विक्रीकर. २०१८ पर्यंत नियम असा होता की तुमचं दुकान, कोठार किंवा माणूस त्या राज्यात असेल तरच तिथला विक्रीकर गोळा करायचा. साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मोडला. आता तिथली विक्री ठरावीक आकड्यावर गेली की बाहेरच्यालाही नोंदणी करावी लागते. पेनसिल्व्हेनियात हा आकडा एक लाख डॉलर. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात पाच लाख. न्यूयॉर्कमध्ये पाच लाख आणि शंभराहून जास्त व्यवहार, दोन्ही मिळून. आम्ही सगळीकडे बरेच खाली आहोत. तरी प्रत्येक राज्याची विक्री वेगळी मोजणारा रकाना आजपासून. ओलांडल्यावर शोधत बसायचं नाही.

गंमत म्हणजे पेनसिल्व्हेनियात कँडीवर विक्रीकर नाहीच. तीच चिक्की इथे न्यू जर्सीत एडिसनला करपात्र, डेलावेअर नदी ओलांडून फिलाडेल्फियाच्या घरी टपालाने गेली की करमुक्त. ताईंना हे तीनदा सांगावं लागलं, आणि मलाही ते अजून नवलाचंच वाटतं.

दुसरा, तिथला नफ्यावरचा कर. इथे १९५९ चा एक फेडरल कायदा मदतीला येतो, पब्लिक लॉ ८६-२७२. तुम्ही हातात धरता येणारी वस्तू विकता, त्या राज्यात तुमचं काम फक्त ऑर्डर मागण्यापुरतं आहे, ऑर्डर मंजूर होते आणि माल निघतो तो बाहेरून, तर ते राज्य तुमच्या निव्वळ उत्पन्नावर कर लावू शकत नाही. लाडू ही वस्तूच. सॉफ्टवेअर किंवा सल्ला विकणाऱ्यांना हे छत्र नाही. इतकी वर्षं कार्यालयात मान मोडून काम करणाऱ्या माझ्या नवऱ्यापेक्षा लाडवाला कायद्याचं संरक्षण जास्त, असं काका म्हणाले.

पण हे छत्र फक्त नफ्यावरच्या कराला. काही राज्यं नफा बघतच नाहीत, एकूण विक्रीवर कर घेतात. वॉशिंग्टन राज्यात कंपनी आयकर नाही, पण बी अँड ओ टॅक्स आहे, किरकोळ विक्रीवर ०.४७१ टक्के, तोटा झाला तरी. तिथली विक्री एक लाखावर गेली की बाहेरच्यालाही लागतो. ओहायोचा सीएटी असाच विक्रीवर आहे, मात्र यंदापासून ६० लाख डॉलरपर्यंतची विक्री त्यातून वगळली आहे. टेक्सासचा फ्रँचाइज टॅक्स यंदा (२०२५) २४.७ लाख डॉलर विक्रीच्या आत काही मागत नाही. ‘आमच्या राज्यात कर नाही’ असं सिएटल-डॅलसची मंडळी फोनवर म्हणतात, तेव्हा कोणता कर, कोणाला, किती विक्रीवर, हे तीन प्रश्न विचारायचे.

एक सावधगिरी: बाहेरच्या राज्यात कोठार भाड्याने घेतलं, किंवा मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेच्या कोठारात माल ठेवला, की त्या राज्यात आपला पाय पडतो आणि वरची सगळी गणितं बदलतात. त्यामुळे यंदा सगळा माल इथूनच.

२० ऑक्टोबर, सोमवार, नरक चतुर्दशी

जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीचं विक्रीकर रिटर्न, एसटी-५०, भरायचा आज शेवटचा दिवस, तो नेमका दिवाळीत. पहाटे अभ्यंगस्नान, मुलं शाळेत, आणि मी साडेनऊला लॅपटॉपपुढे. खरं तर शनिवारीच भरायला हवं होतं, पण शनिवारी आम्ही दोघी खोकी बांधत होतो.

एकूण विक्री एका रकान्यात, त्यातली करमुक्त दुसऱ्या, उरलेली करपात्र तिसऱ्या. जूनच्या तक्त्याप्रमाणे बिलं निघाल्यामुळे आकडे सरळ उतरले. एकूण विक्रीचा अगदी लहान भाग करपात्र निघाला, चिक्की, काजूकतली आणि रवा लाडू. रक्कम वेगळ्या खात्यात तयारच होती, तिथूनच गेली. दुकानांना दिलेला माल एसटी-३ च्या आधाराने वजा केला, दोन्ही प्रती फाइलला आहेत हे आधी बघून.

ताईंना फोन करून पोचपावतीचा क्रमांक वाचून दाखवला. त्यांनी तो त्यांच्याही वहीत लिहून घेतला.

पुढच्या तारखा: ऑक्टोबर-डिसेंबरचं रिटर्न २० जानेवारी. फेडरल ११२०-एस (एस कंपनीचं आयकर रिटर्न) १५ मार्च रविवारी येतो म्हणून १६ मार्च. राज्याचं सीबीटी-१००एस १५ एप्रिल, किमान करासह. आमची जमा लाखावर जाईल असं दिसतंय, म्हणून ५६२.५० धरून ठेवले. वार्षिक अहवाल ३० एप्रिल, ७५ डॉलर.

संक्रांतीच्या तिळगुळाची लेबलं नोव्हेंबरात छापायला जातील. तिळाच्या वडीत पीठ नाही, तेव्हा बिलिंगमध्ये तिच्यापुढे ‘करपात्र’ आजच घालून ठेवलं.